आईबरोबर घाटातल्या बाईंच्या गावी

आईच्या परतीच्या विमानाला जेमतेम आठवडा उरला होता आणि आम्ही अजून घाटातल्या बाईंकडे गेलो नव्हतो.

घाटातल्या बाई म्हणजे कोण, ते आधी सांगते. त्या एक इंग्रज लेखिका. इंग्रजी अमदानीत लग्न होऊन साताऱ्याच्या बाजूला आल्या. नवरा घाटात रस्त्यांची आखणी करायचा. तो तापाने गेला. त्यानंतर त्या बहिणीकडे जर्मनीला आल्या, एका हिवाळ्यापुरत्या, आणि उरलेलं आयुष्य तिथेच राहिल्या. मरेपर्यंत पुस्तकं लिहीत होत्या. फार थोडे लोक त्यांना ओळखतात. आमच्या घरात मात्र त्या घरच्यांसारख्याच होत्या, कारण मी इंग्रजी शिकले ती त्यांच्या पुस्तकांतून.

बाबा धरणावर इंजिनिअर होते. आमच्या वसाहतीतून शाळेला जायचं तर लाँचने पाणी ओलांडावं लागे, आणि पावसाळ्यात लाँच कधी निघेल याचा भरवसा नसे. मला दम्याचा त्रास. म्हणून चौथीपर्यंत आईनेच मला घरी शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला कणीक, दुसऱ्या बाजूला मी. आईला त्या बाईंचं लिहिणं आवडायचं आणि त्यांचा रागही यायचा. धुकं कसं वर चढतं, ते त्यांनीच लिहावं. पण घरात काम करणारी माणसं त्यांच्या पुस्तकात नुसती ‘आया’, ‘माळी’, ‘हमाल’ अशी येतात. नाव एकालाही नाही. मग आई मला गृहपाठ द्यायची: या पानावरच्या सगळ्यांना नावं दे, आणि प्रत्येक जण रात्री घरी जाऊन काय जेवला ते लिही. “त्यांची भाषा घे,” ती म्हणायची, “नजर आपली ठेव.”

आता मी जर्मनीत, वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आई साताऱ्यात एकटी राहते आणि मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. उन्हाळ्याच्या शेवटी ती व्हिसावर तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे लिहिणं मला बरं वाटणार नाही. तिने कायमचं इथे राहावं असं माझ्या मनात होतं. इथल्या नव्या नियमात माझ्यासारख्या काही जणांना आईवडिलांना आणता येतं. आरोग्यविमा, घराचं क्षेत्रफळ, पगार, सगळं मी तपासलं होतं, कागद कपाटात तयार होते. फक्त तिला विचारायचं राहिलं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज विचारू. मग ती चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहायची आणि माझा धीर सुटायचा. प्रवासात विचारणं सोपं जाईल असं मी स्वतःला समजावलं. घाटातून आलेली एक बाई इथे रुजली, लिहिती राहिली, हे तिने डोळ्यांनी बघावं, असाही एक हिशेब होता.

गावाचं आणि बाईंचं नाव मी लिहिणार नाही. तिथे भेटलेल्या एकीला तसा शब्द दिला आहे. पण ब्लॅक फॉरेस्टमधलं मुर्ग नदीचं खोरं नकाशावर सापडेल, आणि त्यातलं कुठलंही गाव तुम्हाला निराश करणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी रजा टाकून सकाळीच निघालो. वीसलोख-वाल्डॉर्फ स्टेशनवरून कार्ल्सरूह अर्ध्या तासाच्या आसपास. तिथे पिवळी एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडायची, ती थेट खोऱ्यात शिरते. दोघी असाल तर राज्याचं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं, पण ते लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. मी ते आईला तीनदा सांगितलं.

“मला कशाला सांगतेस?” आई म्हणाली. “मी काय एकटी गाडी पळवून नेणार आहे?”

खिडकीची जागा उजवीकडे किंवा डावीकडे घ्या असं सांगत नाही, कारण नदी सारखी बाजू बदलते. गेर्न्सबाखनंतर डोंगर जवळ येतात. बोगदा, पूल, पुन्हा बोगदा. मोबाइलची रेंज जाते. पिवळी पडलेली झाडं आणि मधेच काळीशार सूचीपर्णी. आई काचेला कपाळ टेकून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “चढ तसाच आहे. वास वेगळा.” एस-बानच्या खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा वास कुठून आला हे मी विचारलं नाही.

शेवटच्या टप्प्याला बस आहे, पण काही फेऱ्या तासभर आधी फोन करून बोलावल्या तरच येतात. हे विसरू नका. मी फोन केला होता, आणि खात्रीसाठी पुन्हाही केला होता. ड्रायव्हरने आम्हा दोघींनाच घेतलं आणि गावाच्या चौकात सोडलं. गास्टहोफ, म्हणजे खाली जेवणघर आणि वर राहायच्या खोल्या, समोरच होता. दोघींची खोली नाश्त्यासकट नव्वद युरोंच्या आसपास. पाहुण्यांचा थोडासा कर वेगळा, पण त्याबरोबर जे कार्ड मिळतं त्यावर आसपासच्या बस आणि गाड्या फुकट.

शाकाहारी असाल तर एक सूचना. पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूप निरागस दिसतं, पण पाणी बहुतेक ठिकाणी गोमांसाचं असतं. विचारून घ्या. आम्ही केझश्पेट्झल घेतलं.

“चीज घातलेला शेवयांचा उपमा आहे,” आई म्हणाली. “मोहरी विसरलेत.”

दुपारी कब्रस्तानात गेलो. ते गावाच्या वरच्या अंगाला, चढावर. दाराशी हिरव्या झाऱ्या एका लोखंडी कडीला टांगलेल्या, नाणं घातलं की सुटणाऱ्या. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण होता, त्या दिवशी इथे सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात. त्यामुळे सगळीकडे लगबग होती. कोणी माती उकरत होतं, कोणी लाल काचेचे दिवे मांडत होतं. आपल्याकडे दिवाळीआधी अंगण सारवतात तसं वातावरण.

बाईंची कबर भिंतीच्या कडेला सापडली. दगड घासलेला, अक्षरं ताजी रंगवलेली. पण कबरीवर मात्र सूचीपर्णी झाडाच्या फांद्या पडल्या होत्या. अर्ध्या भागावर ढीग, अर्धा भाग उघडा. परवाच वादळ झालं होतं.

“अरेरे,” आई म्हणाली. “कुणी बघणारं नाही गं यांना.”

तिने पदर खोचला. खरं तर ती जीन्समध्ये होती, जॅकेटचं टोक खोचलं, पण कृती तीच. आम्ही दोघींनी सगळ्या फांद्या उचलल्या आणि पालापाचोळ्याच्या मोठ्या पेटीत नेऊन टाकल्या. मी झारी आणली. आईने ओल्या रुमालाने दगड पुसला, अगदी बाईंच्या नावातल्या खाचांसकट. मग हात जोडले. “इतकी वर्षं भांडले तुमच्याशी,” ती पुटपुटली, “आता बघा, तुमची झाडलोट करायला आले.”

तेवढ्यात मागून हातगाडी करकरली. ऐंशीच्या पुढची एक बाई गाडीभर फांद्या घेऊन उभी होती, त्याच झाडाच्या.

“तुम्ही माझ्या कबरीवर काय करताय?” तिने जर्मनमध्ये विचारलं.

मी गडबडून म्हणाले, “माफ करा, ही एका लेखिकेची कबर आहे.”

“तिचीही आहे. आणि माझीही. फांद्या कुठे गेल्या?”

मग उलगडा झाला. त्या फांद्या वादळाच्या नव्हत्या. इथे हिवाळ्याआधी कबरीवरच्या रोपांना हिमापासून जपायला त्या अंथरतात. या म्हाताऱ्या बाईंनी, त्यांचं नाव इथे लोफलर म्हणू, अर्धं काम केलं होतं आणि उरलेल्या आणायला गेल्या होत्या. दोन वर्षं या देशात राहून, दिसेल तो नियम वाचून, मला हे माहीत नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती ओठ मिटून हसू दाबत राहिली. “विचार त्यांना, ‘माझी’ म्हणजे काय?”

म्हणजे असं. जर्मनीत कबरीची जागा काही वर्षांसाठी भाड्याने असते. मुदत वाढवायला कोणी उरलं नाही की दगड काढतात. जुन्या, जपण्यासारख्या कबरी मात्र काही गावं पालकत्वाला देतात. तुम्ही दगड दुरुस्त करायचा, निगा राखायची. बदल्यात तुमची वेळ आली की तिथेच तुम्हालाही जागा. लोफलरबाईंनी दगडाचा खालचा कोरा भाग दाखवला. तिथे त्यांचं नाव येणार होतं.

आई त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. “सांग त्यांना,” ती म्हणाली, “आधी मला विचारायला हवं होतं. आमच्या बाईंना शेजार फारसा आवडायचा नाही.”

हे सांगावं की नाही, मला कळेना. पण आईने शिकवलंय, मधल्या माणसाने वजाबाकी करायची नाही. मी सांगितलं.

“मलाही आवडत नाही,” लोफलरबाई म्हणाल्या. “जमेल आमचं.”

बाक होता, तिथे बसलो. आईने पिशवीतून दिवाळीच्या शंकरपाळ्यांचा डबा काढला, त्यांनी थर्मासमधला चहा दिला. बाईंचं एकही पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. ही कबर का निवडली, असं मी विचारलं. त्या अगदी लहान असताना, युद्धानंतर, पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या कुटुंबातून इथे आल्या होत्या. सगळा जन्म या गावात गेला. “अजूनही दुकानात मला विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? इथे जागा निवडायला सांगितलं तेव्हा वाटलं, हिलाही हेच विचारत असतील.” मग म्हणाल्या, “आमच्याबद्दल काय लिहिलंय तिने? या गावाबद्दल?”

मी आईकडे बघितलं. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

“काही नाही,” आई म्हणाली. “शेवटची तीन पुस्तकं त्यांनी इथे बसून लिहिली. तिन्हींत फक्त घाट आहे. करवंदं, धुकं, पालखी वाहणारे लोक. या डोंगरावर एक ओळ नाही.”

मी ते सांगितलं. लोफलरबाईंनी शंकरपाळं अर्धं मोडलं. “एक ओळही नाही,” त्या म्हणाल्या. त्यांना ते लागलं असावं. “मग ती इथे आलीच नाही म्हणायचं.”

मग त्यांनी आईकडे वळून, सावकाश, हसून विचारलं: “आणि तुम्ही? तुम्ही लेकीजवळ राहणार आहात का आता?”

आईला प्रश्न कळला नव्हता. ती माझ्याकडे बघत थांबली. गेले तीन महिने जे विचारायचं टाळत होते ते एका परक्या बाईने विचारलं होतं, आणि मला ते मराठीत आणायचं होतं. ‘हवामान आवडलं का विचारतायत’ असंही सांगता आलं असतं. ते मनात येऊन गेलं.

“त्या विचारतायत,” मी म्हणाले, “तू माझ्याजवळ राहणार आहेस का. कायमची.”

आईने डब्याचं झाकण लावलं.

“सांग त्यांना,” ती म्हणाली. “लेक फार जपते. दुकानात एकटी गेले तरी दोनदा फोन करते. घर उबदार आहे, माणसं चांगली आहेत. पण सगळे माझ्याशी हळू बोलतात, हसून बोलतात, बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तसं. मी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या. इथे मला कुणाची चूकच कळत नाही. शेजारच्या मराठी घरातली ती छोटी माझ्याकडून मराठीत गोष्ट ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते, मला ते बरोबर आहे की चूक तेही कळत नाही. इथे राहिले तर मी या बाईंसारखी होईन. खिडकीत बसून साताराच बघेन. राहणार नाही, असं सांग.”

मी थर्मासचं बूच घट्ट करायला लागले.

“सांग ना,” आई म्हणाली. “गाळू नकोस काही.”

मी सांगितलं. दोनदा फोन, बालवाडी, खिडकी, सगळं. शेवटचं वाक्य सगळ्यात सोपं होतं, जर्मनच्या पहिल्या महिन्यात शिकवतात तसलं. ती राहणार नाही.

लोफलरबाईंनी माझं सांत्वन केलं नाही. त्यांनी कप झटकला, म्हणाल्या, “आल्झो, चला, आता फांद्या,” आणि उठल्या.

तिघींनी मिळून पेटीतून सगळ्या फांद्या परत काढल्या. आई भराभर अंथरायला लागली. लोफलरबाईंनी तिच्या हातातली फांदी काढून घेतली, उलटी केली आणि पूर्ण वेगाने, अजिबात न हसता, काहीतरी बोलल्या.

“काय म्हणतात?”

“असं नाही. कौलांसारख्या लावायच्या, एकीवर एक, नाहीतर पाणी आत मुरतं. आणि तुम्ही बघत नाही आहात.”

“बघतेय, बघतेय,” आई मराठीत म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “बघ गं, इथे पहिल्यांदाच कोणीतरी मला रागावलं.”

शनिवारी संध्याकाळी पुन्हा गेलो. सणामुळे सगळ्या चढावर लाल दिवे लागले होते, मोठ्याने कोणी बोलत नव्हतं. लोफलरबाईंनी आईला एक दिवा लावायला दिला आणि मला बजावलं, कुठे लिहिणार असशील तर गावाचं नाव नको, माझं नको, हिचंही नको. त्यांना मरणानंतर पर्यटक नको होते. मग त्यांनी विचारलं, “पालखी वाहणाऱ्यांबद्दल ती काय लिहायची?” आईने सांगितलं, आणि नावं नसल्याचंही सांगितलं. लोफलरबाईंनी दगडाकडे बघून मान हलवली, घरातल्या माणसाबद्दल तक्रार ऐकून हलवावी तशी.

बाईंचं घर त्याच दिवशी दुपारी बघितलं होतं. आता तिथे सुट्टीसाठी भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. दारावरच्या पाटीवर ‘इंग्रज लेखिका’ एवढंच. भारताचा उल्लेख नाही. एरवी आई चिडली असती. ती वरच्या खिडकीखाली उभी राहिली, बाईंना काय दिसत असेल ते बघायला वळली. समोर नदी, लाकडाची वखार, डोंगर. दगडांत पांढरं होऊन उतरणारं पाणी.

“किती सुंदर आहे,” आई म्हणाली. “आणि दिसलं नाही बाईला.”

तिने माझा हात धरला. “कपाटातले कागद मी बघितलेत, ऋता. धूळ पुसताना. तू कधी विचारतेस याची वाट बघत होते.”

“मग तूच का नाही बोललीस?”

“तुझा प्रश्न मी कसा विचारणार?”

रविवारी परतीच्या गाडीत मला चैन पडेना. जे झालं ते माझं विचारणं नव्हतं, भाषांतर होतं. कार्ल्सरूहच्या आधी मी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, “आई, तू माझ्याजवळ राहशील का?”

समोरच्या सीटवरचा माणूस पुस्तक वाचत होता. आई त्याच्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, “नाही गं.” आणि मग: “आता माझा प्रश्न. तू परत येणार आहेस?”

सगळ्या शक्यता आधी तपासून ठेवणारी मी, पण याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. “माहीत नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली. “खोटं नाही सांगितलंस.”

आठवड्याने फ्रँकफर्टला तिला सोडलं. विमानतळावर ती माझ्याकडे न बघता सुरक्षा तपासणीच्या रांगेत गेली, मागे वळली असती तर दोघींचं अवघड झालं असतं.

आता घर पूर्वीसारखं आहे. खर्चाचं, गाड्यांचं, कुठे काय खावं याचं वर लिहिलंच आहे. हिवाळा नसेल तर खोऱ्यात नदीकाठची पायवाट आहे, ती आमची राहिली. ऑफिसात विचारतात सुट्टी कशी झाली, मी छान म्हणते आणि ते खरं आहे. पण संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी मला जे वाटतं ते घाटाबद्दल नसतं, साताऱ्याबद्दलही नसतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी कणीक मळत असावं आणि मी काही लिहीत असावं, एवढंच. ते ठिकाण कुठल्याच गाडीने येत नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला. आईने उचलला, “थांब, मुलं बसलीत,” म्हणाली आणि फोन शेल्फवर ठेवला. मला फक्त छत आणि फिरणारा पंखा दिसत होता. खाली कोणीतरी चुकीचं वाचत होतं. आईने त्याला मधेच तोडलं, मग सगळ्यांनाच सुनावलं, खणखणीत, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. पुन्हा वाच. पहिल्यापासून. अरे, तोंड उघडून वाच.

माझ्या घरी तीन महिन्यांत त्या आवाजात ती एकदाही बोलली नव्हती. इथल्या भिंती पातळ आहेत म्हणून मीच तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तिचा असा आवाज आहे, हेच मी विसरून गेले होते.

फोन बंद केला नाही. तास संपेपर्यंत पंखा बघत ऐकत बसले.